आधी संख्या फोड, मग कोअर जोड

पोरी, नव्या मशीनवर चौसष्ट कोअर आहेत आणि जोडीला दांडगं ग्राफिक्स कार्डही आहे, हे वाचून फार आनंद झाला. तुझं ग्रोबनर बेसिसचं गणित दिवसेंदिवस चालूनही संपत नाही, ते या सगळ्या कोअरवर कसं पसरवायचं, असं तू विचारलंस. सांगते. पण त्याआधी एक बघ, तुझ्या गणितात संख्या फुगतात कुठे? संगणकीय बीजगणितात पहिला वेग फुगवटा आवरून मिळतो, कोअरची पाळी नंतर. हा एकच मंत्र माझ्याकडे आहे. बाकी जे सांगणार ते सगळं त्याच्याच पोटातलं.

हवामानाचं किंवा पुलावरच्या ताणाचं गणित करणाऱ्यांची संख्या सुरुवातीला ६४ बिटांची असते आणि शेवटीही तेवढीच राहते. त्यामुळे काम सारखं वाटता येतं, कोणाला किती वेळ लागेल हे आधी कळतं. आपल्याला अचूक उत्तर हवं असतं, म्हणून संख्येला हवं तेवढं वाढू द्यावं लागतं. १०० × १०० ची एक मॅट्रिक्स घे, आत सगळे एक-अंकी आकडे. तिचा निश्चयक १९६ अंकांपर्यंत जाऊ शकतो. हे कागदावरच निघतं: प्रत्येक ओळीची लांबी जास्तीत जास्त ९०, आणि हॅडमार्डच्या मर्यादेप्रमाणे ९० चा शंभरावा घात. ही झाली शेवटच्या उत्तराची गोष्ट. अपूर्णांक ठेवून गाऊसची रीत चालवलीस तर मधल्या पायऱ्यांवर अंश आणि छेद दोन्ही फुगतात, दर वेळी मसावि काढावा लागतो आणि सगळा वेळ त्या मसावितच जातो. उत्तर दोन ओळींचं आणि मधला पसारा अख्ख्या मेमरीचा, हे आपलं जुनं दुखणं आहे.

म्हणून आधी निदान कर. गणित चालू असताना मेमरीकडे बघत बस. एक कोअर पूर्ण भरलेला आणि मेमरी सारखी चढते आहे, तर तो फुगवटा आहे. मेमरी स्थिर आणि वेळ जातो आहे, तर ते खरं कष्टाचं काम, आणि तेवढंच वाटून घेण्याजोगं असतं. दर पायरीला सर्वांत मोठा सहगुणक किती अंकी झाला ते छापून घे. तो आकडा पाचपन्नास ओळी बघितलास तरी कुठे बिघडतंय ते डोळ्यांना दिसतं.

ग्रोबनर बेसिस काढताना पदांचा क्रम लेक्स ठेवला असशील तर कोअर मोजण्याआधी तो बदल. डेगरेव्हलेक्स क्रमात बेसिस काढ, आणि उकली मोजक्याच असतील तर १९९३ च्या एफजीएलएम रीतीने लेक्समध्ये ने. क्रमाच्या या एका बदलाने जे साधतं, ते चौसष्ट कोअरना साधत नाही. बुखबर्गरची १९६५ ची मूळ रीत बहुपदींच्या जोड्या एकेक करून सोडवते, फोजेरच्या १९९९ च्या एफ-फोरमध्ये बऱ्याच जोड्या एकदम घेऊन त्यांची मॅट्रिक्स केली जाते. मॅट्रिक्स झाली की कोअरना करायला काहीतरी मिळतं. एमसॉल्व्हसारखं मोफत साधन हेच करतं. आधी ते वापरून बघ, स्वतःची एफ-फोर लिहायला बसू नकोस.

आता फोडण्याबद्दल. २००७ च्या जानेवारीत संपलेलं ई-आठचं गणित तू मुळातून समजून घ्यावंस, अशी माझी फार इच्छा आहे. ई-आठ हा २४८ मितींचा ली समूह. त्याच्यासाठी ४,५३,०६० ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली मॅट्रिक्स बहुपदींनी भरायची होती. वेगवेगळ्या बहुपदी निघाल्या ११८ कोटींवर, आणि त्यांचे सहगुणक सुमारे १३७२ कोटी. एका सहगुणकाला चार बाइट धरले तर नुसते सहगुणक ५५ गिगाबाइट, शिवाय कोणती बहुपदी कुठे बसते याची सूची वेगळी. हाताशी असलेलं, सेज नावाचं मशीन ६४ गिगाबाइट मेमरीचं. बसत नव्हतं. तेव्हा नोम एल्कीज यांनी सुचवलं की पूर्ण संख्या ठेवूच नका, २५६ पर्यंतच्या एखाद्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा, म्हणजे एका सहगुणकाला एकच बाइट पुरेल. मग तेच गणित २५१, २५३, २५५ आणि २५६ या चार संख्यांच्या बाक्या घेऊन चार वेळा केलं आणि शेवटी बाक्या जुळवून खऱ्या संख्या उभ्या केल्या. सर्वांत मोठा सहगुणक निघाला १,१८,०८,८०८.

गुणाकार करून बघ: पहिल्या तीन संख्यांचाच गुणाकार १,६१,९३,२६५ होतो, म्हणजे त्या तिघींनीही भागलं असतं. पण हे उत्तर हातात आल्यावर कळतं, आधी नाही. आधी खात्रीची मर्यादा लागते.

या गणिताचा मूळ प्रोग्रॅम फोक्को द्यु क्लू यांनी लिहिला होता. स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने ते खिळून होते आणि नोव्हेंबर २००६ मध्ये गेले, निकालाच्या दोन महिने आधी. त्यांच्या मागे इतरांनी त्याच प्रोग्रॅममध्ये अंकगणित बदलून काम तडीस नेलं. म्हणून तुला आग्रहाने सांगते, तुझ्या प्रोग्रॅममध्ये बेरीज-गुणाकार एकाच जागी ठेव. आज पूर्णांक, उद्या बाकी, परवा कार्डावरची बाकी, असं बदलायला एकच फाइल उघडावी लागली पाहिजे. प्रोग्रॅम आपल्यामागून कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

बाक्या जुळवण्याच्या या रीतीला जग चिनी शेष प्रमेय म्हणतं. आपल्याकडे आर्यभटापासूनचा कुट्टक तेच काम करतो आणि लीलावतीत त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा ही रीत तुला परकी वाटायला नको. करायचं असं: २ च्या ३१ व्या घाताच्या थोड्या अलीकडच्या मूळ संख्या घे. अशा एकेका संख्येने उत्तराचे नऊ-सव्वानऊ अंक पदरात पडतात. मघाच्या निश्चयकाला त्या एकवीस-बावीस पुरतात. प्रत्येक मूळ संख्येचं गणित स्वतंत्र, कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही, आणि कोणतीही संख्या एका यंत्रशब्दाबाहेर जात नाही. चौसष्ट कोअरना यापेक्षा चांगलं काम देता येणार नाही. पुण्यात आयसरच्या ‘परम ब्रह्म’वर खातं मिळालं तर तिथेही हेच चालतं: एक मूळ संख्या, एक जॉब, एक फाइल. वीज गेली, जॉब मेला, तरी तेवढी एकच बाकी पुन्हा काढायची.

दोन ठिकाणी मात्र जप. काही मूळ संख्या वाईट निघतात. एखाद्या बहुपदीच्या अग्रपदाच्या सहगुणकालाच त्या भागतात आणि उत्तराचं रूप बिघडतं. बहुपदींचा मसावि काढताना ज्या संख्येला घात इतरांपेक्षा मोठा येतो, ती टाकून दे. ग्रोबनरमध्ये ज्या संख्येचा अग्रपदांचा संच इतरांशी जुळत नाही, तीही टाक. दुसरं, बाक्या जुळवण्याचं काम एकापाठोपाठ एक करू नकोस. जोड्या कर, मग जोड्यांच्या जोड्या. नाहीतर चौसष्ट कोअर भराभर बाक्या काढतील आणि शेवटी एकटा कोअर लांबलचक संख्या जुळवत बसेल.

हे शेवटचं एकट्याचं काम फार महाग पडतं. लग्नाच्या पंगतीला वाढपी कितीही उभे केले तरी पुरणपोळीचा तवा एकच असेल, तर पंगत तव्याच्या वेगानेच उठते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. कामाचा ५ टक्के भाग वाटता येत नसेल, तर हजार कोअर लावूनही वेग वीसपटीच्या वर जात नाही. आपल्याकडे हा भाग कुठे लपतो ते बघ: कचरा मेमरी गोळा करण्यात, शेवटी पदं क्रमाने लावण्यात, उत्तर साधं रूप देऊन दाखवण्यात. लाखभर पदांचं उत्तर पडद्यावर छापू नकोस, थेट फाइलीत टाक.

कणभौतिकीवाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. मार्टिनस वेल्टमन यांनी १९६३ च्या सुमाराला स्खूनस्खिप नावाचा बीजगणिताचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच वाटेने पुढे ॲमस्टरडॅमच्या निखेफ संस्थेत योस फर्मासेरन यांनी फॉर्म घडवलं. फॉर्मचा नियम कडक आहे: प्रत्येक पदावर काम करताना त्या एकाच पदाकडे बघायचं. त्यामुळे पदं हवी तशी वाटता येतात आणि मेमरीत न मावणारा पसारा डिस्कवर ठेवता येतो. जिथे सगळी पदं एकत्र येतात ती एकच जागा, म्हणजे पदं लावून सारखी पदं मिळवणं. त्याची अनेक थ्रेडची आवृत्ती टीफॉर्म. तुझं काम अवाढव्य बेरजांचं असेल तर तिथे जा. अवयव पाडायचे असतील तर तिथे जाऊ नकोस.

मेमरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याकडे तरुण मुलं लक्ष देत नाहीत असा माझा अनुभव आहे. रिचर्ड फेटमन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक कसोटी आहे. (१ + x + y + z + t) चा विसावा घात घ्यायचा, आणि त्याला त्याच्यात १ मिळवून आलेल्या बहुपदीने गुणायचं. प्रत्येकी १०,६२६ पदं. पदापदांचे गुणाकार ११ कोटी २९ लाखांच्या आसपास, आणि सारखी पदं मिळवल्यावर उरतात फक्त १,३५,७५१. म्हणजे गुणाकार करणं हा खर्च नाहीच. आलेलं प्रत्येक पद कुठे मिळवायचं ते शोधणं हा खर्च आहे. सगळी अकरा कोटी पदं आधी मेमरीत मांडून मग लावायला घेतलीस तर प्रोसेसर मेमरीची वाट बघत बसतो आणि जास्त कोअर लावले तर सगळे मिळून वाट बघतात. सायमन फ्रेझर विद्यापीठात मायकेल मोनागन आणि रोमन पिअर्स यांनी दोन गोष्टी केल्या. चारही चलांचे घातांक एकाच ६४ बिटांच्या शब्दात भरले, म्हणजे दोन पदांची तुलना एका सूचनेत झाली. आणि हीपच्या मदतीने उत्तराची पदं एकेक करून क्रमानेच बाहेर काढली. तो छोटा हीप प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतो. मग कोअर वाढवले तेव्हा काही उदाहरणांत वेग कोअरच्या पटीपेक्षाही जास्त वाढला, कारण प्रत्येक कोअरबरोबर त्याची स्वतःची कॅशही कामाला आली. हे काम पुढे मेपलमध्ये गेलं. तू बहुपदी स्वतः साठवणार असशील तर घातांक असेच भर.

मशीन चौसष्ट कोअर सांगत असेल तर खरे किती आणि हायपरथ्रेडिंगचे किती ते विचारून घे. आपलं काम कॅशवर आणि गुणाकाराच्या एककावर ताण देणारं, तिथे दोन थ्रेडनी एक कोअर वाटून घेण्यात फारसा लाभ नसतो. थ्रेड खऱ्या कोअरइतकेच ठेव.

साधनांविषयी भराभर सांगते. सिम्पाय पायथनमध्ये आहे आणि पायथनचं जागतिक कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला चालू देतं. कुलूप नसलेली आवृत्ती ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आली, पण तू आज तिच्यावर विसंबू नकोस, वेगळ्या प्रोसेस चालव. त्याहीआधी पायथन-फ्लिंट बसव. तेवढ्याने एकाच कोअरवर फरक दिसेल. मॅथेमॅटिकात पॅरलल टेबल चालवलंस की वेगवेगळे कर्नल उठतात, त्यांची मेमरी सामायिक नसते. मोठी राशी पाठवायला लागणारा वेळ ती सोडवण्याच्या वेळेपेक्षा जास्त झाला तर पदरात काही पडत नाही, म्हणून छोटा प्रश्न पाठव आणि छोटं उत्तर मागव. परी-जीपीमध्ये समांतर आज्ञा उत्तम आहेत, पण ते बांधतानाच पीथ्रेडचा पर्याय द्यावा लागतो. बाहेरची चलं आणि फंक्शनं एक्स्पोर्ट करावी लागतात, आणि प्रत्येक थ्रेडची मेमरी वेगळी ठरवावी लागते. जीएमपी स्वतः एकाच थ्रेडवर गुणते. फ्लिंटला मात्र थ्रेडची संख्या सांगता येते. आणि बाहेर चौसष्ट प्रोसेस, आत प्रत्येकीत चौसष्ट थ्रेड, असं होऊ देऊ नकोस. बाहेर वाटणी केली असेल तर आतली संख्या १ वर बांधून टाक. मशीन अचानक मंदावलं तर पहिल्यांदा हेच तपास.

ग्राफिक्स कार्डाकडे येते. त्याला एकसारखं, घट्ट भरलेलं, फाटे न फुटणारं काम आवडतं. विरळ बहुपदी, हीप, मसावि, पदोपदी ‘शून्य आहे का’ असं विचारणारी रीत, यातलं काही त्याच्यावर नेऊ नकोस. न्यायचं ते मूळ संख्येच्या बाक्यांवरचं भरीव मॅट्रिक्सचं काम, आणि घट्ट बहुपदींचा फुरिए पद्धतीचा गुणाकार. तिथेही हिशेब आधी कर. दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्येत ५३ बिटांपर्यंतचे पूर्णांक अचूक बसतात. मूळ संख्या २३ बिटांची घेतलीस तर एक गुणाकार ४६ बिटांचा, म्हणजे १२८ गुणाकारांची बेरीज होईपर्यंत भागायची गरज नाही. बाकी काढण्याचा खर्च १२८ गुणाकारांत एकदाच. याच युक्तीने दशांश संख्यांसाठी लिहिलेल्या वेगवान मॅट्रिक्स लायब्ररी आपण अचूक बीजगणिताला वापरतो, आणि एफएफलास-एफएफपॅक त्याच पायावर उभं आहे. पण तुझं कार्ड खेळांसाठीचं असेल तर दुहेरी अचूकतेचा त्याचा वेग एकेरीच्या १/३२ किंवा १/६४ असतो. तेव्हा पूर्णांकांच्या सूचना वापर किंवा मूळ संख्या लहान घे. मॅट्रिक्स एकदाच कार्डावर चढव, सगळं काम तिथेच उरक आणि उत्तर तेवढं खाली आण. वरखाली करण्यात वेळ गेला तर कार्ड नसलेलं बरं.

कार्ड काय करू शकतं त्याचं एक उदाहरण सांगते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. ग्राफिक्स कार्डावर सापडलेली ही पहिली मर्सेन मूळ संख्या. डब्लिनमधल्या ए-१०० कार्डाने ती मूळ असण्याची दाट शक्यता दाखवली. मग दुसऱ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमनी लुकास-लेमर कसोटी चालवून खात्री केली गेली. गुणाकार सगळे दशांश संख्यांच्या फुरिए रूपांतरातून, म्हणजे दर वेळी जवळच्या पूर्णांकावर आणायचे. एक आकडा चुकला तर पुढचं सगळं वाया. म्हणून त्या कामात चालता चालता स्वतःला तपासण्याची, गर्बिच यांच्या नावाची रीत वापरतात. तिचा खर्च अगदी थोडा आहे. मला त्या संख्येपेक्षा ही तपासणी जास्त मोलाची वाटते.

कारण यंत्र चुकतं. १९९४ मध्ये थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. दोन मशीनवर दोन उत्तरं आली, आणि माग काढत काढत पेंटियमच्या भागाकारातला दोष उजेडात आला. प्रणालीही चुकतात. दुरान, पेरेझ आणि वारोना या तीन स्पॅनिश गणितींनी २०१४ मध्ये लिहिलं की मॅथेमॅटिका मोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक चुकीचा देत होती, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला तर वेगळं उत्तर देत होती. एकाकडे मॅथेमॅटिका आणि दुसऱ्याकडे मेपल होतं, म्हणून ते सापडलं. समांतर गणितात तर थ्रेडचा क्रम रोज वेगळा असतो, चूक एकदा दिसते आणि पुन्हा येत नाही.

तर समांतर प्रोग्रॅम लिहिण्याआधी तपासणीचा प्रोग्रॅम लिही. मॅट्रिक्सचा गुणाकार तपासायला फ्रेइवाल्ड्स यांची १९७७ ची रीत आहे: यादृच्छिक सदिश घे, त्याला आधी दुसऱ्या मॅट्रिक्सने गुण, मग पहिल्या, आणि उत्तराच्या मॅट्रिक्सने त्याच सदिशाला गुणून येतं त्याच्याशी ताडून बघ. गुणाकाराला n चा घन लागतो, तपासणीला वर्ग. बहुपदींचं समीकरण असेल तर चलांना मोठ्या मूळ संख्येच्या बाक्यांतल्या यादृच्छिक किमती दे आणि दोन्ही बाजू जुळतात का बघ. ग्रोबनरचं उत्तर बाक्यांवरून उभं केलं असेल तर आधी न वापरलेल्या एका नव्या मूळ संख्येने ताड, आणि दिलेल्या सगळ्या बहुपदी त्या बेसिसने शून्यावर येतात का तेही बघ. एवढं करूनही ती सिद्धता होत नाही. उत्तर संभाव्य आहे की सिद्ध आहे, ते निबंधात स्पष्ट लिहायचं. दोन वेळच्या निकालांची तुलना नेहमी संक्षिप्त बेसिसची कर, कारण ठरलेल्या क्रमाला ती एकमेव असते. बाकी सगळं थ्रेडप्रमाणे बदलेल. आणि यादृच्छिक संख्यांचं बीज, मूळ संख्यांची यादी, प्रणालीची आवृत्ती हे सगळं निकालाच्या फाइलीतच ठेव.

आता तुझ्या गणितापुरतं. या आठवड्यात समांतर काही लिहू नकोस. डेगरेव्हलेक्स क्रमात, एकाच मूळ संख्येने, एकाच कोअरवर बेसिस काढ आणि वेळ मोज. ते गणितसुद्धा संपत नसेल तर दुखणं फुगवट्याचं नाही, समीकरणांच्या मांडणीचं आहे, तेव्हा चलं कमी करायला हवीत. ते संपलं तर सहगुणक किती अंकी होतील याचा अंदाज घे, त्याला नवाने भाग, म्हणजे लागणाऱ्या मूळ संख्या कळतील. त्यांना एका संख्येच्या वेळेने गुण आणि खऱ्या कोअरनी भाग. हा हिशेब एका रात्रीचा निघाला तर साधी शेल स्क्रिप्ट पुरे, संध्याकाळी लावून झोपायला जा. एका मूळ संख्येला लागलेला वेळ आणि लागलेली मेमरी हे दोन आकडे मला कळव. चौसष्ट प्रती मेमरीत एकदम मावतील का आणि कार्डाला हात लावायचा का, ते त्यावरून ठरवू.